पुणे–नागपूर ६०५ किलोमीटर : अंतराला पाच तारे, वेळेला दोन

माझा थोरला भाऊ नागपूरला धरमपेठेत राहतो. बँकेच्या बदलीवर गेला आणि तिथलाच झाला. २०२५ च्या जानेवारीत त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मी दर दीड-दोन महिन्यांनी पुण्याहून विमानाने जाते, आठवडाभर राहते आणि परत येते. अशा सात फेऱ्या झाल्या, म्हणजे चौदा उड्डाणं. प्रत्येक उड्डाणाच्या वेळा माझ्या वहीत लिहिलेल्या आहेत. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यावर मोजायची सवय जात नाही. पण ही वही केवळ सवयीने सुरू झालेली नाही, त्यामागे एक प्रसंग आहे.

हे परीक्षण कुठल्या विमान कंपनीचं नाही. दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या फुकट साइट असतात, त्यातली एक मी वर्षभर वापरली, तिचं आहे. पुण्यासाठी पीएनक्यू, नागपूरसाठी एनएजी असे तीन अक्षरी कोड टाकायचे. लगेच उत्तर येतं : ६०५ किलोमीटर, ३७६ मैल, ३२७ सागरी मैल. त्याखाली ठळक अक्षरांत उड्डाणाचा वेळ, ४५ मिनिटं. साइटचं नाव लिहीत नाही. पडताळणीसाठी आणखी तीन उघडून पाहिल्या आणि थोड्याफार फरकाने दुखणं सगळीकडे एकच निघालं.

पहिल्या फेरीचं तिकीट भाच्याने बेंगळुरूहून काढलं. फोनवर म्हणाला, "आत्या, सकाळी दहा पंचवीसचं आहे, तिकीट मेलवर टाकलंय." मेल उघडायचं त्या गडबडीत राहून गेलं. किती वेळ लागतो ते मी साइटवर पाहिलं. पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे अकरा-दहाला नागपूर. दादाला कळवलं, "बाराच्या आत घरी येते, एकत्रच जेवू." दादाला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन लागतं. त्याने पावणेबाराला इंजेक्शन घेतलं आणि माझी वाट बघत बसला. विमान वीस मिनिटं उशिरा निघालं, बॅग यायला वेळ गेला, आणि मी दारात पाऊल ठेवलं तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती. तोवर त्याची साखर उतरली होती. कपाळावर घाम, हात थरथरत होते. वहिनीने वेळीच साखरेचं पाणी दिलं म्हणून निभावलं. "वन्सं, मी म्हणत होते जेवून घ्या, पण ऐकतात का कुणाचं," ती म्हणाली. दादा टॉवेलने तोंड पुसत इतकंच बोलला, "अगं, तू बारा म्हणाली होतीस."

त्याच रात्री वही सुरू केली. त्या दिवसाच्या वेळा आठवून लिहिल्या.

आधी अंतराबद्दल, कारण तिथे ही साइट खरोखर चांगली आहे. मी आकडा तपासला. लोहगावचं, म्हणजे पुणे विमानतळाचं, स्थान १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाचं २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांतला फरक २.५१ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर २७९ किलोमीटर. रेखांशांतला फरक ५.१३ अंश. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाल तसा आखडत जातो. आपल्या या पट्ट्यात, विसाव्या अक्षवृत्ताच्या आसपास, तो चांगले सहा-साडेसहा किलोमीटर आखडून १०४.७ वर येतो. म्हणजे ५३७ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण काढा आणि कर्ण मोजा : ६०५. कागद-पेन्सिलने आलेलं माझं उत्तर आणि साइटचं उत्तर तंतोतंत जुळलं. मला फार आनंद झाला.

एवढ्याशा अंतराला पायथागोरस पुरतो. लांबच्या प्रवासाला पुरत नाही, कारण पृथ्वी गोल आहे आणि तिच्यावरची सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळाच्या, कमानीवरून जाते. हे मी वर्गात संत्र्यावर दाखवायचे. दोन टाचण्या टोचायच्या, मध्ये दोरा ताणायचा. दोरा स्वतःच जवळची वाट धरतो. तीच वाट सपाट नकाशावर उतरवली की वाकडी दिसते आणि मुलं म्हणायची, बाई, विमान एवढा वळसा का घेतं? साइटवर नकाशात ती कमान काढून दाखवतात, हे मला मनापासून आवडलं. आठवी-नववीच्या वर्गात ती पडद्यावर दाखवावी.

सागरी मैलाचाही आकडा देतात तेही बरं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो आला आहे अक्षांशाच्या एका मिनिटापासून. साठ सागरी मैल उत्तरेला गेलं की एक अंश वर सरकलो. वैमानिक अजूनही त्यातच मोजतात. मुलांना हे एकदा कळलं की अक्षांश ही नुसती पाठ करायची गोष्ट राहत नाही.

आकडा मात्र कुठून कुठे मोजलाय ते बघून घ्या. मी उघडलेल्या दुसऱ्या एका साइटने पुणे–नागपूर ६२० सांगितलं. चूक नव्हती, पण ते शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत होतं. विमानतळ विचारला असेल तर ६०५ हेच बरोबर. पुणे–दिल्ली टाकलं तर सुमारे ११५५ येतं, तेही मी हाताने करून पाहिलं.

एक दिवस दादा पलंगावर पडून होता, त्याला करमेना. मी मोबाइल घेऊन शेजारी बसले आणि आम्ही नागपूरपासून चारी दिशांचे विमानतळ टाकून पाहिले. मुंबई सुमारे ६८५, दिल्ली ८५५, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५. १९४९ मध्ये आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तिचं मर्म या चार आकड्यांत आहे. संध्याकाळनंतर चारही शहरांतून विमानं निघायची, मध्यरात्री नागपुरात भेटायची, टपालाच्या पिशव्या अदलाबदल व्हायच्या आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत. चारही वाटा हजार किलोमीटरच्या आत आहेत म्हणून ते जमलं. दुसरं एखादं मोठं शहर या जागी बसवून बघा, बहुतेक वेळा एक ना एक वाट फार लांब जाते. त्या दुपारी दादा उठून बसला आणि अर्धा तास माझ्याशी यावर बोलत होता.

आता वेळ. इथे मात्र माझी तक्रार आहे आणि ती किरकोळ नाही.

पंचेचाळीस मिनिटं कुठून आली? ६०५ ला ८०० ने भागा. तासाला ८०० किलोमीटर या वेगाने पंचेचाळीस मिनिटंच लागतात. पुणे–दिल्लीचा वेळ त्यांनी १ तास २७ मिनिटं दिला, तोही ११५५ ला ८०० ने भागलेला. म्हणजे या साइटवर सगळीकडे एकच भागाकार. दुसरी एक साइट या भागाकारात सरसकट अर्धा तास मिळवते, मग उत्तर १ तास १५ येतं. ते वास्तवाच्या जवळ जातं. पण हा अर्धा तास कशाचा, हे तीही सांगत नाही.

विमान जमिनीवरून सुटतं ते ८०० च्या वेगाने नाही. पुणे–नागपूरला एअरबस ए३२० जातीचं विमान असलं की दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला त्याला वीसेक मिनिटं लागतात. आणि नागपूर जवळपास दोनशे किलोमीटर दूर असतानाच ते उतरायला लागतं. खिडकीत बसून मी घड्याळ लावलं, पूर्ण उंचीवर सरळ उडणं पंधरा-वीस मिनिटांच्या वर कधी गेलं नाही. पाणी वाटून होतं न होतं तोच पट्टे बांधायची सूचना येते. जितकं अंतर कमी, तितका हा भागाकार जास्त फसवतो. आणि वाटेवर पंख्याचं एटीआर विमान असलं तर तासाला पाचशेच्या आसपासच जातं, मग तर हिशोबच निराळा.

माझ्या वहीत प्रत्येक उड्डाणाच्या चार वेळा आहेत : विमान गेटवरून हललं ती, चाकं जमिनीवरून सुटली ती, चाकं पुन्हा टेकली ती, आणि गेटला थांबलं ती. मधल्या दोन वेळांतलं अंतर म्हणजे खरं हवेतलं उड्डाण. ते कमीत कमी ५५ मिनिटं आणि जास्तीत जास्त ७० मिनिटं भरलं. चौदांपैकी एकदाही ४५ नाही. पहिल्या आणि शेवटच्या वेळेतला काळ म्हणजे ज्याला विमान क्षेत्रात ब्लॉक टाइम म्हणतात तो. माझ्या वहीत तो १ तास १२ पासून १ तास ३८ पर्यंत आहे. तिकिटावर छापतात तो वेळ हाच धरून असतो, माझ्या तिकिटावर १ तास २५ होता. गेटवरून धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर परत गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात येतं.

हा शब्द प्रवाशाने लक्षात ठेवावा, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियमही त्याच्यावरच बेतलेले आहेत. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असलेल्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला खाणंपिणं द्यावं लागतं. उड्डाण रद्द झालं आणि भरपाईच्या अटींत बसत असेल, तर एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला कमाल ५,००० रुपये आणि एक ते दोन तासांच्या ब्लॉक टाइमला कमाल ७,५०० असे टप्पे आहेत. साइटच्या ४५ मिनिटांवर विसंबलात तर तुम्ही स्वतःला खालच्या टप्प्यात धराल. पुणे–नागपूर खरं तर वरच्या टप्प्यात येतं.

या साइटला वारा माहीत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. जाताना आणि येताना ती एकच वेळ सांगते. जानेवारीत मी नागपूरला ५५ मिनिटांत पोचले आणि परत यायला ६८ मिनिटं लागली. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. नागपूरची दिशा पुण्याहून उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण ६२ अंशांवर आहे, त्यामुळे जाताना तो वारा पाठीशी असतो आणि येताना समोरून. जुलैत उलटं झालं : जाताना ६३, येताना ५९. पावसाळ्यात वरचे वारे दिशा बदलतात, पूर्वेकडून वाहायला लागतात. दक्षिण भारतावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर वाहणारा पूर्वेचा झोतवारा, म्हणजे अरुंद पट्ट्यातला अतिवेगवान वारा, आपलेच हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडला. आपलं विमान त्याच्या खालून जातं, तरी वाऱ्याचा कल जाणवतो.

पुणेकरांना तर हे घरचं असायला हवं. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस, ज्याच्या नावाचा चौक आपण रोज ओलांडतो, ते म्हणजे हवामान खातं. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून हे नाव. मी मुलांना तिथे सहलीला नेत असे. फुगा सोडून वरच्या हवेचं मोजमाप कसं करतात ते मुलं डोळे विस्फारून ऐकायची. तेच वारे माझ्या वहीत तेरा मिनिटांच्या फरकाने उमटलेले पाहिले तेव्हा मला त्या सगळ्या मुलांना बोलावून वही दाखवावीशी वाटली.

धावपट्टीचंही तसंच. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तिचे आकडे १० आणि २८, म्हणजे १०० आणि २८० अंश. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की विमान वाऱ्याला तोंड देऊन पश्चिमेकडे उडतं, म्हणजे नागपूरला पाठ करून. मग वळून ईशान्येकडे जातं. त्या वळणाचे किलोमीटर ६०५ मध्ये धरलेले नाहीत, धरताही येणार नाहीत. शिवाय लोहगाव हा मुळात १९३९ पासूनचा हवाई दलाचा तळ. खिडकीतून सुखोई उडताना दिसलं की आपलं विमान का थांबलं आहे ते समजतं, आणि देशाचं काम आधी यात मला काही वावगं वाटत नाही. फक्त ती दहा मिनिटं हिशोबात धरायला हवीत.

साइटवर आणखी एक रकाना आहे, दोन्ही ठिकाणच्या वेळेतला फरक. पुणे–नागपूरला तिथे शून्य येतं. घड्याळापुरतं ते खरं आहे. पण पाच अंशांहून थोडं जास्त रेखांश म्हणजे सूर्याच्या हिशोबाने वीस मिनिटं. दादाकडे तिन्हीसांजा लवकर होतात. वहिनी देवापाशी दिवा लावते तेव्हा आमच्या कोथरूडच्या गच्चीवर अजून ऊन असतं. संध्याकाळच्या विमानाने परत येताना आपण सूर्याच्या मागे जात असतो, त्यामुळे पुढच्या बाजूला मावळतीचा रंग नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकतो. उजवीकडची खिडकी घ्या.

घर ते घर किती लागतं, हे कुठलीही साइट सांगणार नाही, म्हणून माझं सांगते. मी वनाजजवळ राहते. मेट्रोने वनाज ते रामवाडी, तिथून रिक्षाने विमानतळ, हे मी दीड तास धरते. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली त्याआधी हाच रस्ता नगर रोडच्या गर्दीवर अवलंबून असायचा आणि पोटात गोळा यायचा. आता येरवड्याचा पूल खाली तुंबलेला दिसतो आणि आपण वरून जातो. नवीन टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू झालं, तिथे बसायला जागा मिळते, पण चालणं वाढलंय. गुडघे दुखत असतील तर आधीच व्हीलचेअर सांगून ठेवा, लाजू नका. दहा पंचवीसच्या विमानाला मी साडेसातला घर सोडते आणि धरमपेठेत एकच्या सुमाराला पोचते. साडेपाच तास. त्यातलं हवेतलं उड्डाण एक तास.

तरीही विमान परवडतं का? मला परवडतं, कारण रेल्वेची वाट फार लांब आहे. पुण्याहून दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा तो मोठा वळसा. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुणे–अजनी (म्हणजे नागपूरच) वंदे भारत ८८१ किलोमीटर धावते आणि सुमारे बारा तास घेते. सरळ रेषेतले ६०५ आणि रुळांवरचे ८८१, म्हणजे जवळजवळ दीडपट. मी एकदा तिने आले. गाडी सुरेख आहे, पण बारा तास बसून माझी कंबर धरली. ज्यांची धरत नाही त्यांनी जरूर जावं, वाटेत शेगाव लागतं.

अंतरासाठी ही साइट डोळे झाकून वापरा. शिक्षकांनी तर वापराच. पाच तारे. वेळेसाठी दोन तारे देते, तेही दोन गावांची तुलना करायला बरी म्हणून. दिल्लीला नागपूरच्या जवळजवळ दुप्पट अंतर आहे हे तिच्यावरून कळतं. पण तो आकडा कुणाला वेळ सांगण्यासाठी वापरू नका. विमानतळावर न्यायला येणारा असेल, जेवायला थांबणारा असेल, औषधाची वेळ सांभाळणारा असेल, त्याला तिकिटावरचीच वेळ सांगा आणि पुढे तास-सव्वा तास मिळवा. साइट चालवणाऱ्यांना मी लिहिलंय की "उड्डाणाचा वेळ" हे शब्द काढा आणि "ताशी ८०० किलोमीटर वेगाने लागणारा वेळ" असं स्वच्छ लिहा. एक ओळ बदलायची आहे. दोन महिने झाले, उत्तर नाही. परवा पुन्हा लिहिलं, या वेळी वहीतल्या चौदा नोंदी जोडून.

पुढचं तिकीट चौदा तारखेचं आहे. दादाला काल फोन केला, म्हटलं, "तू साडेबाराला जेवून घे, मी एकला येते, माझं पान वहिनीसोबत."

"वहीतलं सांगतेस ना?" त्याने विचारलं.

म्हटलं, "हो, वहीतलं."